शेजारचा संगणक

दुबईत देऱ्यात नायफच्या मागच्या गल्लीत राहायला आलो, तेव्हा आमच्या फ्लॅटमध्ये तीन खोल्या, तीन बिऱ्हाडं आणि दोन संगणक होते. एक आमचा, दुसरा पलीकडच्या खोलीतल्या कोळिकोडच्या गृहस्थांचा. त्यांना सगळे इक्का म्हणत. तो दुसरा संगणक किती मोलाचा, हे २००९ च्या हिवाळ्यात कळलं.

आमच्या अँटिव्हायरसने रात्री अपडेट घेतलं आणि सकाळी एक फाइल व्हायरस म्हणून उडवली. ती विंडोजचीच निघाली. त्यानंतर संगणक चालू होता होता पुन्हा बंद पडायचा. उतारा कंपनीच्या संकेतस्थळावर होता, पण तो उतरवायला चालता संगणक हवा! इक्कांच्या मशीनवर उतरवून सीडीवर घातला, सेफ मोडमध्ये चालवला, तरी जमेना. शेवटी सीपीयू टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि अब्र्यात, म्हणजे होडीत बसलो. एक दिरहमात खाडी पार. बर दुबईतल्या एका दुकानदाराने विंडोजच्या सीडीवरून ती एकच फाइल जागेवर ठेवली. दहा मिनिटांचं काम.

मला वाटलं होतं, नशीबच खोटं. पण नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजी या अँटिव्हायरसने यूझर३२ ही विंडोजची फाइल ट्रोजन ठरवली होती. २१ एप्रिल २०१० ला मॅकअफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्टच धरली. नेटवर्कसकट कितीतरी सेवा तिच्याच अंगाखांद्यावर चालतात. मशिनं सारखी बंद-चालू होत राहिली, इंटरनेट गेलं आणि उतारा इंटरनेटवरच राहिला! दुसऱ्या मशीनवरून सीडी नाहीतर पेनड्राइव्ह भरून एकेका संगणकापाशी जाणं आलं. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसने तर स्वतःच्याच अपडेटरला चोर म्हणून पकडलं. यावर मात्र इक्का मनापासून हसले होते.

दोष निष्काळजीपणाचा होताच, पण घाईचाही होता. रोज नवे व्हायरस, म्हणून रोज नवी यादी. तपासायला वेळ थोडा. आणि पहारेकऱ्याला पहारा द्यायचा तर घरातल्या प्रत्येक कुलपाची किल्ली द्यावी लागते.

पुढे विंडोज ८ बरोबर डिफेंडर आयताच आला आणि दर वर्षी अँटिव्हायरसचा डबा विकत आणणं आम्ही सोडलं. एव्हाना इक्का कायमचे कोळिकोडला परतले होते.

मग आला १९ जुलै २०२४, शुक्रवार. दुबईच्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल पाठवली. तिच्यातल्या नियमाने एकविसावा रकाना वाचायला मागितला; प्रोग्रॅमने पुरवले होते वीसच. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकून पडले होते. कंपनीचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ २०१० मध्ये मॅकअफीचे तंत्रप्रमुख होते. योगायोग म्हणून सोडून द्यावा, पण सुटत नाही.

देऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या विमानतळावर टर्मिनल १ आणि २ मध्ये काही विमान कंपन्यांचं चेक-इन अडलं. पर्यायी व्यवस्थेवर ते सुरू झालं. दुरुस्ती मात्र जुन्याच वळणाची: एकेका मशीनपाशी जा, सेफ मोडमध्ये शिर, ती फाइल पूस. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाइप कर. काही ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोही निळाच!

घरगुती संगणक यातून सुटले. ते सॉफ्टवेअर कंपन्यांसाठीचं. आमचाही मुकाट्याने चालू होता. दुपारी कोळिकोडहून फोन आला. "भाई, तेरावाला चालू है ना?" हो म्हटलं. बोलता बोलता माझा हात ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्ह आहे ना, ते चाचपत होता.