रोहू म्हणून महसीर पिशवीत टाकू नका!

गळाला लागलेला मासा ओळखता आला नाही, तर नियम पाळणार कसे? सगळ्यात जास्त घोळ होतो तो लहान महसीर आणि रोहूमध्ये. खवले बघा. महसीरचे खवले अंगाच्या मानाने चांगलेच मोठे. कल्ल्यापासून शेपटीपर्यंतच्या मधल्या रेषेवर मोजले तर साधारण २५ भरतात, रोहूचे ४० च्या वर. महसीरचे ओठ जाड, तोंडाशी मिशांच्या दोन ठळक जोड्या. रोहूच्या ओठांना झालरीसारखी कड असते, मिशा असल्या तरी बारीक. हात ओले करूनच मोजा हं, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. महसीर निघाला की लगेच पाण्यात सोडायचा. लोणावळ्याच्या वळवण तलावाशी याच माशाची पिल्लं वाढवून सोडायचं काम वर्षानुवर्षं चाललंय.

कटला सोपा: डोकं भलंमोठं, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत.

धरणाच्या पाण्यातली मासेमारी बहुधा सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते, तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगी विचारा. परवानगी मिळाली की चिलापी मात्र बिनधास्त घरी न्या. मूळचा आफ्रिकेचा, १९५२ मध्ये भारतात आणलेला हा पाहुणा, आणि कालवणात झकास लागतो!