चिमणीतल्या गंधकाचे दोन क्षार

११ जुलै २०२५च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक कोळसा वीजकेंद्रांची एफजीडीच्या, म्हणजे धुरातला गंधक काढणाऱ्या यंत्रणेच्या, सक्तीतून सुटका झाली. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राला मात्र ही सूट आपोआप मिळत नाही. अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेचे निकष न गाठणारं शहर १० किलोमीटरच्या आत असेल, तर तज्ज्ञ समितीने त्या केंद्राचा स्वतंत्र विचार करायचा आहे. चंद्रपूर दोन्ही कसोट्यांना उतरतं. २००९च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह ते देशात चौथं होतं. चर्चा होते ती खर्चाची आणि वीजदराची. मला मात्र हा प्रश्न आधी रसायनशास्त्राचा वाटतो.

गंधक जळला म्हणून संपत नाही, शेवटी त्याचा क्षार होतो. एफजीडीत धुरावर चुनखडीचं पाणी फवारतात. सल्फर डायऑक्साइड त्यात अडकतो, ऑक्सिजन घेतो आणि जिप्समचे स्फटिक तयार होतात. ही यंत्रणा नसेल तर वायू बाहेर पडतो, हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि शेणातून, युरियातून उठणाऱ्या अमोनियाशी मिळून अमोनियम सल्फेट बनतं. कोळशात अर्धा टक्का गंधक धरला तर टनामागे तो ५ किलो भरतो. तो सगळा पकडला तर सुमारे २७ किलो जिप्सम, आणि हवेत सोडून सगळ्याचा क्षार झाला तर सुमारे २१ किलो अमोनियम सल्फेट. केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, हे ध्यानात ठेवून या आकड्यांकडे पाहावं.

या दोन क्षारांचं पाण्याशी नातं अगदी वेगळं. जिप्सम हाताला कोरडं लागतं, पण त्याच्या वजनातलं २१ टक्के पाणी असतं. शाळेत निळा मोरचूद तापवून पांढरा होताना पाहिला असेल, तेच हे स्फटिकजल. जिप्सम १२०-१५० अंशांपर्यंत तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून प्लास्टर ऑफ पॅरिस उरतं. आणखी तापवलं की निर्जल रूप. प्लास्टरमध्ये पाणी कालवलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. सिमेंट गिरणीत हेच सांभाळावं लागतं. भट्टीतून निघालेल्या क्लिंकरमध्ये थोडं जिप्सम नसेल तर सिमेंट कालवताक्षणीच धरू लागतं. आणि दळताना उष्णता वाढून जिप्समचं प्लास्टर झालं, तर गवंड्याच्या घमेल्यात माल अवेळी ताठरतो. म्हणून गिरणीत पाणी फवारतात.

देशातलं खाणीतलं जिप्सम जवळजवळ सगळं राजस्थानातून येतं. चंद्रपुरात तर गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस हे सिमेंटचे कारखाने, त्यांना लागणारी चुनखडी आणि कोळसा, सगळं एकाच जिल्ह्यात आहे. एफजीडीचा कच्चा माल आणि तिच्या जिप्समचं गिऱ्हाईक दोन्ही इतके जवळ असलेली औष्णिक केंद्रं देशात थोडीच असतील.

अमोनियम सल्फेटमध्ये स्फटिकजल नसतं. पण हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की ते बाष्प ओढून विरघळतं, कण फुगतो आणि दमट सकाळी धुरकं दाटतं. हे कण अडीच मायक्रॉनहून बारीक, थेट फुप्फुसात खोल जाणारे. ते शेकडो किलोमीटर वाहत जातात. गडचिरोली इथून जेमतेम ८० किलोमीटर आणि ताडोबा तर शेजारीच.

सूट देणाऱ्यांचा एक मुद्दा रास्त आहे: चुनखडी वापरली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण तो किती? टनभर कोळशामागे सुमारे ७ किलो. यंत्रणेला लागणाऱ्या विजेचा वाटा त्यात मिळवावाच लागेल. तरीही तोच कोळसा जळताना टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो. दुसरा मुद्दा, शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आढळतो, हा मला मुळीच पटत नाही. वाटेत त्याचा क्षार झाला की मोजणीत तो वायूच्या रकान्यातून उठून सूक्ष्म कणांच्या रकान्यात जातो. समितीने चंद्रपूरचा निर्णय करण्यापूर्वी बल्लारपूर, मूल आणि गडचिरोली इथल्या कणांमध्ये सल्फेट किती, हे तिन्ही ऋतूंत मोजून घ्यावं आणि ते आकडे लोकांपुढे ठेवावेत.