टाकी उघडण्याआधी
जुन्या बोटीची निगा : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण जुन्या बोटीची बॅटरी आणि अर्थिंगच्या तारा तपासल्या. ती तपासणी या आठवड्यात लगेच उपयोगी पडणार आहे. इंधनाचा काटा भलतंच दाखवू लागला की बहुतेक जण थेट पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या, टाकीवरच्या सेंडरवर संशय घेतात. नवा सेंडर येतो, टाकी उघडली जाते, जुना काढून नवा बसवला जातो आणि काटा होता तिथेच राहतो. खरा बिघाड डॅशबोर्डमागच्या एखाद्या गंजलेल्या जोडात असतो.

पैसे गेले, याचं मला फारसं वाटत नाही. पण पेट्रोलची टाकी विनाकारण उघडली गेली, हे फार खटकतं. हौशी माणसानं बोटीवर स्वतःच्या हातानं करायच्या कामांत याहून धोक्याची कामं थोडीच असतील. म्हणून क्रम असा ठेवायचा: सुरुवात डॅशबोर्डपासून, टाकी सगळ्यात शेवटी. आणि तीही ओहमच्या आकड्यानं सेंडर दोषी ठरवला तरच.

आधी डॅशबोर्डवरचं गेज आणि टाकीवरचा सेंडर ही जोडी चालते कशी ते पाहू. अमेरिकेत बनलेल्या जुन्या पेट्रोल बोटींमध्ये सेंडर म्हणजे बदलता येणारा एक रोध. टाकीत दांड्याच्या टोकाला फ्लोट असतो. पेट्रोल वर-खाली झालं की दांडा फिरतो आणि त्याला जोडलेली पत्ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. टाकी रिकामी असेल तर सेंडरचा रोध साधारण २४० ओहम, भरलेली असेल तर ३३ ओहम, आणि निम्म्यावर शंभरच्या आसपास. युरोपीय पद्धत बरोबर उलटी आहे. तिथे रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८०. गेज एका पद्धतीचं आणि सेंडर दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर दोन्ही नवे कोरे असूनही काटा जन्मभर चुकीचंच दाखवेल. जुनी बोट हातोहात फिरलेली असते. आधीच्या मालकानं काय बसवलंय ते गेजच्या पाठीवर वाचून घ्या. दोन ठिकाणांहून चालवता येणाऱ्या मोठ्या बोटीत एकाच सेंडरवर दोन गेज असतात. त्यांचा सेंडर वेगळा मिळतो, त्याची मर्यादा निम्मी असते.

आता तपासणी. इंजिनाच्या खणातला ब्लोअर चालवून, वास घेऊन, मगच सुरुवात करायची. अमेरिकन गेजच्या पाठीमागे तीन टोकं असतात: आय म्हणजे इग्निशनकडून येणारी जांभळी तार, जी म्हणजे अर्थची काळी, आणि एस म्हणजे सेंडरकडून येणारी गुलाबी. इग्निशन बंद ठेवून गुलाबी तार काढा, मग इग्निशन चालू करा. काटा रिकाम्यावर गेला पाहिजे. पुन्हा बंद करा, एस आणि जी ही दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडा आणि चालू करा. काटा पूर्ण भरल्याच्या खुणेवर चढला पाहिजे. दोन्ही वेळा काटा नीट हलला तर गेज चांगलं आहे. हलला नाही तर जांभळ्या तारेत बारा व्होल्ट येतात का आणि काळी तार खरोखर अर्थ आहे का, ते पाहा. तिथेही सगळं ठीक असेल तर गेज बदलायचं आणि टाकीकडे फिरकायचंही नाही.

गेज चांगलं निघालं तर इग्निशन बंद करून, गुलाबी तार सुटी असतानाच ती आणि अर्थ यांच्यामधला रोध मल्टिमीटरनं मोजा. इथे काट्याचं वागणं बरंच काही सांगून जातं. काटा कायम रिकाम्यावर आणि मल्टिमीटरवर अनंत रोध, म्हणजे कुठेतरी तार किंवा जोड तुटला आहे. काटा कायम भरल्यावर आणि रोध शून्याजवळ, म्हणजे गुलाबी तार कुठेतरी सोलवटून अर्थला टेकते आहे. टाकी भरलेली असतानाही आकडा ठाम २४०, तर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडाला असण्याची शक्यता मोठी. काटा अर्ध्यापर्यंत नीट उतरतो आणि मग एकदम कोसळतो, तर वेटोळं त्या जागी झिजलं आहे.

चेसापीक उपसागराच्या काठी बोट ठेवणाऱ्या एका परिचितांची १९९० च्या दशकातली बोट आहे. तिचा काटा रिकाम्यावरून उठेना. डॅशबोर्डपाशी मोजलं तर अनंत रोध. मग मागच्या बैठकीसमोरच्या फरशीतलं गोल झाकण काढून सेंडरच्याच दोन टोकांमध्ये मोजलं, तर ११० ओहम. टाकी साधारण निम्मी होती, म्हणजे सेंडर बिचारा इमानानं काम करत होता. दोष अर्थच्या काळ्या तारेचा. तिच्या टोकावरची कडी हिरवी पडली होती, आवरणाच्या आतलं तांबं काळं होऊन भुकटी झालेलं, आणि हलकेच ओढताच कडी हातात आली. तिथे कथील चढवलेल्या तांब्याची नवी तार आणि गोंद असलेलं आकसणारं आवरण घातलं. काटा निम्म्यावर आला. टाकीचा एकही स्क्रू हलवावा लागला नाही.

नेहमीच इतक्यावर भागत नाही. सेंडरच्या टोकांवरच आकडा वेडावाकडा आला की टाकी उघडावी लागते, आणि मग घाई अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, बिल्जमध्ये साचून राहते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली तरी पेट घेते. अमेरिकेत ऑगस्ट १९८० पासून बनलेल्या पेट्रोल बोटींना इंजिनाच्या खणात ब्लोअर सक्तीचा झाला. इंजिन सुरू करण्याआधी तो चार मिनिटं चालवा, ही सूचना त्या बोटींवर चिकटवलेली असते. सेंडरच्या कामाला चार मिनिटं पुरत नाहीत. बोट उघड्यावर, सगळी झाकणं उघडी, बॅटरीच्या दोन्ही तारा काढलेल्या आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी असावं. टाकी तीन चतुर्थांशापेक्षा कमी भरलेली असावी. बोट ट्रेलरवर नाक वर करून उभी असेल तर पेट्रोल मागे सरकतं आणि मागच्या बाजूच्या भोकातून उसळून बाहेर येतं. सेंडरच्या फ्लँजभोवतीची माती, गंज, फोमचे कण ओल्या कापडानं टिपून घ्या. घरातला व्हॅक्यूम क्लीनर इथे चालवू नका, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. आणि सेंडरला थेट बारा व्होल्ट देऊन ‘बघू चालतो का’ हा प्रयोग कोणी सुचवला तर त्या माणसाला बोटीवरून खाली उतरवा.

फ्लँजला पाच स्क्रू असतात आणि भोकांचं अंतर मुद्दाम असमान ठेवलेलं असतं, त्यामुळे सेंडर एकाच दिशेनं बसतो. हा नमुना ठरलेला असल्यामुळे पस्तीस वर्षं जुन्या टाकीवरही नवा सेंडर बसतो. अॅल्युमिनियममध्ये अडकलेले स्क्रू हातच्या स्क्रू ड्रायव्हरनं, गंज सोडवणारं तेल घालून, धीरानं सोडवा. इम्पॅक्ट ड्रायव्हर नको. सेंडर तिरका करत दांडा आणि फ्लोट भोकातून बाहेर काढा आणि भोक लगेच स्वच्छ कापडानं झाका.

काढलेला सेंडर बोटीपासून दूर नेऊन कानाशी हलवा. फ्लोटमध्ये पाणी हलल्यासारखा आवाज आला की तो संपला. मग मल्टिमीटर लावून दांडा सावकाश फिरवा. आकडा २४० वरून ३३ पर्यंत अखंड उतरला पाहिजे. मध्ये कुठे उडी मारली किंवा अनंतावर गेला तर ती झिजेची जागा. अखंड उतरला, तर सेंडर चांगला आहे आणि दांडा टाकीतल्या आडव्या पत्र्याला अडकत होता. तेव्हा नव्या दांड्याची दिशा ठरवण्याआधी ते पत्रे कुठे आहेत ते पाहून घ्या.

नवा सेंडर निवडताना टाकीची खोली लाकडी काठीनं मोजा, धातूच्या पट्टीनं नको. दांड्याचा सेंडर घ्याल तर त्याचा सांधा खोलीच्या मध्यावर ठेवायचा. दहा इंच खोल टाकीत तो पाच इंचांवर येतो, आणि दांडा साधारण सात इंचांचा लागतो, म्हणजे फ्लोट तळापासून छतापर्यंत पोहोचतो आणि कुठे ठोकत नाही. माझी पसंती मात्र नळीच्या सेंडरला आहे. स्टेनलेस नळीत रीड स्विच असतात आणि बाहेरून चुंबक असलेला फ्लोट वर-खाली सरकतो. पेट्रोलमध्ये उघडी पत्ती नाही, वेटोळं नाही. काटा पायऱ्यापायऱ्यांनी हलतो, पण लाटांवर आपटणाऱ्या बोटीत तो थरथरत नाही. नळी टाकीच्या खोलीपेक्षा थोडी आखूडच घ्या.

गॅस्केट नेहमी नवं आणि इथेनॉल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराचं हवं. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साधं सिलिकॉन कधीच लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं. स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे आवळा. अर्थची काळी तार आणि टाकीच्या बाँडिंगची हिरवी तार, दोन्ही परत बसवा. हिरवी तार पुष्कळ जण विसरतात. तोंडापासून टाकीपर्यंतचे धातूचे भाग एकमेकांशी जोडलेले असले तर पेट्रोल भरताना स्थिर विद्युत साचत नाही.

यानंतर टाकी काठोकाठ भरायची आणि झाकण उघडं ठेवूनच फ्लँजभोवती हाताचं बोट फिरवून पाहायचं. जोड कोरडा निघाला तरी वास येतो का, हे काही तासांनी पुन्हा पाहा. वास येत असेल तर झाकण लावायचं नाही.

टाकी पुढच्या वेळी बरीच रिकामी झाली की पाच-पाच गॅलन मोजून भरा आणि प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते वहीत लिहा. बोटीच्या टाकीचा तळ बहुधा व्ही आकाराचा असतो. काटा निम्मं म्हणतो ते उंचीचं निम्मं, पेट्रोलचं नव्हे. खालच्या अर्ध्या उंचीत पेट्रोल त्याहून बरंच कमी मावतं, म्हणून शेवटच्या चतुर्थांशात काटा झपाट्यानं उतरतो. बोट वेगात नाक वर करून धावते तेव्हा पेट्रोल मागे जातं, त्या वेळचं वाचन धरू नका. बोट सपाट आणि इंजिन मंद असताना वाचा. आणि वही नीट भरलेली असली तरी एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव, हा नियम मोडू नका.

पुढच्या आठवड्यात टाकीच्या व्हेंट नळीकडे वळू. पंपावर पेट्रोल भरताना नोझल वारंवार आपोआप बंद होतं, त्याचं कारण बहुधा तिथे सापडतं.