गाविलगडाचा नकाशा टेबलावर मांडताना

अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत गेलं ते एका तहामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी इथे तह झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी, १५ डिसेंबरला, सातपुड्याच्या कड्यावरचा गाविलगड पडला होता. त्याही आधी, २९ नोव्हेंबरला, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात लढाई झाली होती. जेमतेम एका महिन्यात आणि मोजक्या कोसांत घडलेला हा प्रसंग रोल-प्लेइंग गेमसाठी फार सकस आहे. या खेळात चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि सूत्रधार परिस्थिती उभी करतो. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला तेव्हापासून हा प्रकार बहुतेक वेळा युरोपी पद्धतीच्या किल्ल्यांत आणि तळघरांत रमलेला आहे. वऱ्हाडातल्या मुलांनी तो गाविलगडावर आणायचं ठरवलं, तर पहिला व्यावहारिक प्रश्न नकाशाचा येईल: टेबलावर आडव्या ठेवलेल्या टीव्हीवर नकाशा दाखवायचा, तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

या बाजारातली बरीचशी नावाजलेली सॉफ्टवेअर वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या खेळाडूंना डोळ्यांपुढे ठेवून बनली आहेत. रोल-ट्वेंटी तशाच गरजेतून निघालं आणि फाउंड्रीची मांडणीही मुळात तीच आहे. त्यांचं सर्वांत गाजलेलं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक पात्राची स्वतंत्र दृष्टी. सूत्रधार नकाशावर भिंती आखतो, आणि ज्याचं पात्र जिथे उभं आहे तिथून जेवढं दिसेल तेवढंच त्या खेळाडूच्या पडद्यावर उजळतं. दूरवरच्या खेळात याचा खरोखर उपयोग आहे. पण सगळे एकाच टेबलाभोवती बसले की पडदा एकच उरतो. चौघांना दिसणारं सगळं त्यावर एकत्र दिसणार, म्हणजे कोणाची दृष्टी वेगळी राहतच नाही. शिवाय टीव्हीवर हाताने खरी सोंगटी सरकवली, तर ती कुठे गेली हे संगणकाला कळत नाही. सूत्रधाराला लॅपटॉपवर तीच चाल पुन्हा करावी लागते. ज्या सोयीसाठी सर्वांत जास्त पैसे आणि तयारीचे तास जातात, ती समोरासमोरच्या खेळात दुप्पट काम होऊन बसते. म्हणून माझं म्हणणं असं की, टेबलासाठी सॉफ्टवेअर निवडताना आधी झाकण्याची सोय पाहावी: नकाशाचा हवा तो भाग सूत्रधाराला सहज झाकता येतो का, आणि हवा तेव्हा एका हालचालीत उघडता येतो का. दाखवण्याच्या करामती त्यानंतर.

झाकण्याला इतकं महत्त्व का, याचं उत्तर गाविलगडाच्या रचनेतच आहे. दक्षिणेला, मैदानाकडे तोंड करून आतला किल्ला आहे आणि त्या बाजूचा कडा सर्वांत उभा आहे. वायव्य आणि उत्तर बाजूंनी बाहेरचा किल्ला त्याला कवेत घेतो, आणि लाबाडा गावाकडून येणाऱ्या वाटेवर आणखी एक तट आहे. इंग्रज सेनापती वेलस्लीने दक्षिणेला तळ दिला, पण खरा हल्ला उत्तरेकडून झाला, कारण तिकडची जमीनच तेवढी किल्ल्याच्या पातळीला होती. तिथे पोहोचण्यासाठी त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरांतून स्वतः रस्ता पाडत जड तोफा हातांनी ओढून नेल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, फौज आत घुसली, आणि पुढे दरीपलीकडे आतला तट अभंग उभा! शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावण्याजोगी जागा शोधली, तट चढून आतून दरवाजा उघडला, तेव्हा गड पडला. खेळाचा सगळा जीव या एका क्षणात आहे. दुसरा तट पहिल्यापासून टीव्हीवर दिसत असेल, तर खिंडारातून आत शिरणाऱ्या पात्राला कसलाच धक्का बसणार नाही. प्रशियात राइसविट्झने १८२४ साली 'क्रीगस्पील' हा लष्करी सरावाचा खेळ मांडला, त्यातही हेच तत्त्व होतं. १:८००० प्रमाणाच्या नकाशावर शत्रूच्या ज्या तुकड्या खरोखर दिसू शकतील तेवढ्याच पंच मांडत असे. ते काम माणूसच करत होता.

दुसरी कसोटी मापाची, आणि इथे जाहिरातीतल्या चित्रांवर जाऊ नये. या खेळांत साधारणपणे एक इंच चौकोन म्हणजे पाच फूट धरतात. ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे साडेसदतीस इंच लांब आणि एकवीस इंच रुंद असतो, म्हणजे त्यावर १८५ बाय १०५ फुटांची जागा मावते. एका दरवाजापुढच्या झटापटीला एवढी पुरते, गडाला नाही. त्यामुळे गाविलगडासाठी निदान दोन नकाशे लागतात, एक वेढ्याचा आणि एक दरवाजाचा, आणि एकावरून दुसऱ्यावर झटकन जाता आलं पाहिजे. पडद्यावरचा चौकोन मोजपट्टीने खरोखर एक इंच भरेल असं माप बसवण्याची सोय हवी. ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर ते इंचाला ५१ ठिपके येतं, फोर-के असेल तर १०२. उंचीचा प्रश्न याहून अवघड आहे. गड सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि दक्षिण दरवाजाची चढण अशी की माणसांखेरीज काही वर जाऊ शकत नव्हतं. वरून पाहिलेल्या सपाट नकाशात हीच वाट सर्वांत जवळची वाटते. बहुतेक सॉफ्टवेअरची मोजपट्टी हेच सपाट अंतर सांगते, तेव्हा समोच्च रेषा असलेला नकाशा खाली घालणं आणि चढणीची जास्तीची किंमत नियमांत धरणं हे सूत्रधाराचं काम.

या कसोट्यांवर मोठ्या नावांपेक्षा साधी साधनं पुढे येतात. आउलबेअर रोडिओ शिकायला अगदी सोपं आहे, नकाशा झाकणं-उघडणं चुटकीसरशी होतं; पण ते ब्राउझरमध्ये चालतं आणि इंटरनेट गेलं की खेळ थांबतो. तालुक्याच्या गावी हा मुद्दा हलका नाही. मॅपटूल मोफत आहे, स्वतःच्या संगणकावर चालतं, आणि त्याच लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडून खेळाडूंचं दृश्य टीव्हीवर देता येतं. दिसायला जुनाट आहे, पण झाकण्याच्या कामात चोख. फाउंड्रीचं लायसन्स एकदाच आणि फक्त सूत्रधाराने घ्यायचं असतं, आणि घरच्या नेटवर्कवर ते चालवता येतं; मात्र त्याची तयारी करायला चिकाटी लागते. आर्केनफोर्ज टेबलावरच्या टीव्हीचा विचार करूनच बनवलेलं आहे. माझा कौल मॅपटूलपासून सुरुवात करण्याला आहे. मूळ नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप आणि क्यूजीआयएस ही मोफत साधनं पुरेशी आहेत, फक्त गडाजवळच्या चिखलदऱ्याचा आजचा डांबरी रस्ता आणि हॉटेलं त्यातून काढून टाकावी लागतील.

कोणी म्हणेल, कागद आणि पेन्सिल असताना हा खटाटोप कशाला? एका खोलीतल्या मारामारीसाठी हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पुसता येणारी चौकटींची चटई तिथे टीव्हीपेक्षा सरस, आणि भारनियमनाचा तिला धाक नाही. पण एकाच गडाकडे उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून दोन तुकड्या एकाच वेळी येत असतील, आणि सत्राच्या शेवटी कोणाला काय दिसलं ते पुढच्या आठवड्यापर्यंत जपून ठेवायचं असेल, तर कागदाचे तुकडे झाकत बसणं जिकिरीचं होतं. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: अंजनगावच्या पोरांनी गड पाहिलेला असतो, त्यांच्यापासून काय झाकणार? आज तिथे उरले आहेत ते पडके तट. १८०३ मध्ये कोणत्या बुरुजावर किती माणसं होती, खिंडार पडल्यावर राखीव तुकडी कुठून धावली, हे गड फिरून कळत नाही. जागेची ओळख उलट उपयोगी पडते. सूत्रधाराला वर्णनात वेळ घालवावा लागत नाही आणि खेळाडू सरळ निर्णयाशी येतो.

आणि एका गोष्टीवर मी आग्रही राहीन. वेढ्याची जी वर्णनं हाताशी येतात ती बहुतांश हल्ला करणाऱ्यांच्या बाजूची आहेत. तोफा कुठे मांडल्या, खिंडार कुठे पडलं, हे त्यांत आहे. गड नागपूरकर भोसल्यांचा होता आणि किल्लेदार बेनीसिंग त्यात लढून मेला; पण त्याच्या शिबंदीला उत्तरेचा तट आतून कसा दिसत होता, हे त्यांतून समजत नाही. म्हणून एकाच गडासाठी झाकणाचे दोन वेगळे थर ठेवता येतात का, एक बाहेरून येणाऱ्यांसाठी आणि एक आत असलेल्यांसाठी, हे सॉफ्टवेअर घेण्याआधी करून पाहावं. मॅपटूलमध्ये तोच नकाशा दुसऱ्या नावाने ठेवून हे साधतं. आधी आतल्या बाजूचा थर तयार करावा आणि पहिलं सत्र बेनीसिंगाच्या शिबंदीचं खेळावं.