कोणते केशवराव?

हैदराबाद शहराच्या नारायणगुडा भागात 'केशव मेमोरियल' हे नाव ठाऊक नाही असा मनुष्य सापडणे कठीण. त्या नावाची शाळा तेथे आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. फेब्रुवारी २०२० पासून नारायणगुड्याला मेट्रोचे स्थानकही झाले असून रोज सकाळी दप्तरे पाठीला लावलेल्या मुलांचा लोंढा त्या बाजूला वळतो. या संस्थेची पालक असलेली शिक्षणसंस्था १९४० मध्ये स्थापन झाली. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ती उभी राहिली ते केशव कोण, असा प्रश्न एखाद्या मराठी माणसाला केला तर काय उत्तर मिळेल?

उत्तर देणारा कोणत्या वर्तुळात वाढला आहे, यावर ते अवलंबून राहील असे आम्हांस वाटते. एखादा म्हणेल, डॉ. केशव बळीराम हेडगेवार. आणि त्याला चटकन हसण्याचेही कारण नाही, कारण हेडगेवारांचे निधन १९४० मध्येच झाले आणि त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कंदकुर्ती हे आजच्या तेलंगणातच, निजामाबाद जिल्ह्यात आहे. नाट्यरसिक केशवराव भोसल्यांचे नाव घेईल. पुणेकर देशभक्त केशवराव जेध्यांचे घेईल. मराठवाड्यातील वाचकाला कंधारचे केशवराव धोंडगे आठवतील. ही सारी उत्तरे चुकीची आहेत. नारायणगुड्याचे केशव म्हणजे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर.

वकिलीत नाव कमावून हैदराबादच्या उच्च न्यायालयाच्या न्यायासनापर्यंत पोहोचलेले, आर्य समाजाचे धुरीण, आणि निजामी राजवटीत सभा भरवणे व शाळा काढणे हीच जोखमीची गोष्ट असताना ती दोन्ही कामे निष्ठेने करणारे हे गृहस्थ १९३२ मध्ये निवर्तले. १९०७ मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या विवेकवर्धिनी शाळेमागे जी मंडळी उभी होती त्यांत केशवराव प्रमुख होते. त्या काळी चित्रकार म्हणून हैदराबादेत राहिलेले, सावंतवाडीजवळच्या कोलगावचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचाही त्या उभारणीत हात होता, हे आमच्या किनारपट्टीच्या वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. पित्याच्या मागे त्यांचे चिरंजीव विनायकराव पुढे आले. गुरुकुल कांगडीची 'विद्यालंकार' ही पदवी त्यांच्या नावास इतकी चिकटली की पुष्कळांना कोरटकर हे आडनाव ठाऊकच नव्हते. निजामी राजवट संपल्यावर ते हैदराबाद राज्याचे मंत्री झाले आणि १९५७ मध्ये हैदराबादमधून लोकसभेवर निवडून गेले. 'केशव मेमोरियल' हे या पुत्राने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पित्याचे केलेले स्मरण आहे.

आता नावाविषयी. आपल्या समाजात एकच नाव अनेकांच्या वाट्याला यावे यात नवल ते काय? संध्येच्या आचमनाला बसलेल्या बटूच्या तोंडी चोवीस नावांतले पहिले येते ते केशव, आणि दुसरे नारायण. आठवे वामन, बारावे दामोदर. म्हणजे नारायणाच्या नावाने वसलेल्या वस्तीत केशवाचे स्मारक व्हावे, आणि या केशवरावांचे सार्वजनिक कार्यातील सहकारी वामनराव नाईक असावेत, हा योगायोग देवघरातल्या त्याच माळेतून ओवलेला आहे. मुलगा झाला की आजोबांचे नाव पुढे चालवायचे हा आपला कुळाचार. काणकोणपासून पेडण्यापर्यंत कोणत्याही घराची वंशावळ उलगडली तरी एकाआड एका पिढीत तेच नाव येताना दिसेल. जांबावलीच्या श्री दामोदराच्या कृपाछत्राखालील गोव्यात तर दामोदर हे नाव घरोघरचे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी; आजोबांचे नाव नातवाला मिळाले आणि तो गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक झाला. त्याच नावाचे मजोर्ड्याचे दामोदर मावजो कोंकणीतील कथाकार म्हणून ज्ञानपीठापर्यंत पोहोचले. नाव देवाचे, घाम ज्याचा त्याचा.

केशव या नावापुरते बोलायचे तर १९२१ हे एकच वर्ष घेऊन पाहावे. त्या वर्षी ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा तो गाजलेला प्रयोग झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि गंधर्व नाटक मंडळीचे नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, भामिनी झाले. आचमनातली पहिली दोन नावे एकाच रंगभूमीवर एका राष्ट्रीय कार्यासाठी उभी राहिली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवरावांचा अंत झाला. त्याच ऑक्टोबरात पनवेलचे केशव सीताराम ठाकरे यांचे 'प्रबोधन' सुरू झाले आणि ते पुढे त्या पत्राच्याच नावाने, प्रबोधनकार म्हणून ओळखले जाऊ लागले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरचे केशव हेडगेवार राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन तुरुंगात गेले. एक गायक, एक सुधारक पत्रकार, एक डॉक्टर. पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या वाटा विचारांच्या दोन टोकांना गेल्या. त्यांच्या मातापित्यांनी बारशाला एकाच देवाचे स्मरण केले होते. त्या स्मरणाने मुलांचे विचार मात्र बांधले गेले नाहीत, आणि ते योग्यच झाले.

कलेच्या प्रांतात तर हा घोटाळा आणखी गोड आहे. प्रभात कंपनीचा १९३७ चा 'कुंकू' चित्रपट घ्यावा. त्यातला वयस्क काकासाहेब रंगवला केशवराव दात्यांनी, संगीत दिले केशवराव भोळ्यांनी, आणि ज्या कादंबरीवर तो बेतला ती लिहिली होती नारायण हरी आपट्यांनी. नुसते 'केशवरावांचे काम उत्तम झाले' असे कोणी म्हटले असते तर नटाची प्रशंसा झाली की संगीतकाराची, हे उलगडले नसते. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले यांनी पित्याचे नाव पुढे करून 'केशवसुत' या नावाने कविता लिहिल्या, आणि प्रल्हाद केशव अत्र्यांनी 'केशवकुमार' होऊन 'झेंडूची फुले' फुलवली. सुत आणि कुमार यांचा अर्थ एकच; पण एकाने मराठी कवितेचे युग पालटले आणि दुसऱ्याने कवितेतल्या ढोंगाची विडंबनातून भंबेरी उडवली. हे दोघे एकच असे कोणीही सुशिक्षित मराठी माणूस म्हणणार नाही. कारण त्यांचे लिखाण आपल्यापुढे आहे. ज्याचे कार्य लोकांच्या नित्य स्मरणात आहे, त्याला नामसाधर्म्याची भीती नसते. ज्याचे कार्य विसरले गेले, त्याचे नाव मात्र कोणीही उचलून कोणालाही लावू शकतो. कोरटकरांच्या बाबतीत हेच होण्याचा संभव आहे, आणि म्हणून या विषयाला आम्ही आजची जागा देत आहोत.

केशव हे पित्याचे नाव लावणारे आणखी एक थोर पुरुष, महर्षी धोंडो केशव कर्वे, त्याच १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादला गेले होते. विवेकवर्धिनीच्या जागेत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. मराठी वृत्तीच्या सुधारणेचे ते वैभवच म्हणावयाचे. परंतु तेलुगू माणूस ती परिषद वेगळ्या कारणासाठी स्मरणात ठेवतो. भाषणे मराठीत, उर्दूत, इंग्रजीत होत होती. आलंपल्ली वेंकटराम राव नावाचे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलण्यास उभे राहिले आणि सभेने त्यांची हुर्यो उडवली. ज्या नगरीच्या सभोवार तेलुगू बोलणारा मुलूख पसरला होता, तेथेच ती भाषा सभेला हास्यास्पद वाटली! त्या अपमानातून तेथल्या तेथे आंध्र जन संघाचा जन्म झाला, आणि पुढे निजामी मुलुखातील तेलुगू जागृतीचे सारे कार्य त्यातून वाढले. त्या जागृतीचे एक अध्वर्यू माडपाटी हनुमंतराव यांनी १९२८ मध्ये तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा काढली, तीही नारायणगुड्यातच.

नावांची गुंतागुंत येथेही सुटत नाही. नारायणगुड्यातील एका मोठ्या महिला महाविद्यालयाचे नाव राजा बहादूर वेंकटराम रेड्डी यांचे आहे. निजामाच्या काळी ते हैदराबादचे कोतवाल होते. एक वेंकटराम भर सभेत हिणवला गेलेला वकील; दुसरा सगळ्या शहरावर हुकूम चालवणारा अधिकारी. कोतवालांचे नाव इमारतीवर आहे, तेही व्यवहारात आद्याक्षरांपुरते उरलेले. वकिलाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, आणि पुस्तके कोण उघडतो? 'राव' हे उपपद मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांना आपलेच वाटते. केशवराव म्हटले की तेलुगू बालकाला तो आपल्यातलाच कोणी वाटावा, हे तर स्वाभाविकच आहे. त्यात आम्हांस खंत नाही. परक्या म्हणून हिणवल्या गेलेल्या भाषेच्या मुलांनी मराठी न्यायमूर्तीच्या नावाच्या शाळेत शिकावे, यापेक्षा १९२१ च्या त्या सायंकाळचे चांगले परिमार्जन कोणते असू शकेल? परंतु परिमार्जन घडले हे कळण्यासाठी आधी तो प्रसंग आणि ती माणसे ठाऊक असावी लागतात.

कोरटकरांचे विस्मरण झाले त्याचे कारण आमच्या मते मराठी माणसाच्या कृतघ्नतेत शोधण्याची गरज नाही. ते नकाशात सापडेल. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे भाषांनुसार विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आणि पुढे १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, कर्नाटकाचे जिल्हे तिकडे गेले, राजधानी आंध्रात राहिली आणि २०१४ पासून तेलंगणाची झाली. तीन भाषांचे जे एक सार्वजनिक जीवन या शहरात होते, त्याचे वारस तीन राज्यांत पांगले. प्रत्येक राज्याने आपापल्या माणसांचे पुतळे उभारले. ज्यांची कर्मभूमी एका भाषेच्या राज्यात राहिली आणि मातृभाषा दुसऱ्या, त्यांना दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांत फारशी जागा नाही. ज्यांची गावे आणि ज्यांची भाषा यांच्यामध्ये सीमा आल्या आहेत, अशा आमच्या वाचकांना ही अवस्था समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. जेथे जेथे एखाद्याचे नाव संस्थेला, रस्त्याला, सभागृहाला दिलेले आहे, तेथे ते पूर्ण लिहावे, आणि त्याखाली दोन ओळींत तो कोण होता, केव्हा होऊन गेला, त्याने काय केले, हे त्या प्रांतीच्या लोकभाषेत नोंदवावे. शाळेने वर्षातला एक दिवस या माहितीसाठी काढावा. हारतुऱ्यांचा समारंभ झाला नाही तरी चालेल. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आग लागली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. त्या हळहळीत इमारतीइतकाच तो गायक होता, कारण 'भोसले' हा शब्द त्या नावातून कधी गळला नव्हता. पुण्याच्या स्वारगेटच्या चौकाला जेध्यांचे नाव आहे, तेथेही आडनाव टिकून आहे. 'केशव मेमोरियल' या नावात मात्र नेमका ओळख पटवणारा शब्दच नाही. गोमंतकातही 'दामोदर', 'मंगेश', 'शांतादुर्गा' अशी नावे संस्थांना आहेत. त्यांतली कोणती देवाची आणि कोणती एखाद्या दात्याची, हे पुढच्या पिढीला कळेल अशी नोंद आजच करून ठेवणे बरे.

आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' या एकाच शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. बारशाला नाव ठेवतात आणि चुकलेल्यालाही नावे ठेवतात. तिसरी गोष्ट आहे नाव राखण्याची, आणि ती या दोन्हींहून अवघड. केशव हे नाव देवाचे आहे, ते राखण्यास देव समर्थ आहे. कोरटकर हे नाव माणसाचे आहे. ते राखण्याचे काम माणसांनाच करावे लागेल.