फॉक्सप्रोवाल्याचा मार्च एंड

सकाळी ६.५०
चहा अजून गॅसवर आहे आणि फोन वाजतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचे दिवाणजी. "सर, पट्टी निघंना झालीया. टेबल करप्ट म्हणतंय." सर दोनच गोष्टी विचारतात. रात्री लाइट गेली होती का? आणि नंतर कुणी काय दाबलं? लाइट गेली होती. दाबलं कुणी काही नाही. "मग आता कशालाच हात लावू नका. सगळी मशीन बंद करा. आलो."

सरांचं वय ५६. फॉक्सप्रो शिकले ते डॉसच्या काळ्या पडद्यावर. आता हातात आहे ते व्हिज्युअल फॉक्सप्रो ९. मायक्रोसॉफ्टने ते डिसेंबर २००४ मध्ये बाजारात आणलं, पुढची आवृत्ती निघणार नाही हे २००७ मध्ये सांगून टाकलं आणि १३ जानेवारी २०१५ ला उरलासुरला सपोर्टही थांबवला. सरांची गिऱ्हाइकं मात्र थांबलेली नाहीत. अडत दुकानं, दोन-तीन पतसंस्था, एक औषधांचा होलसेलर. एएमसी वर्षाला कुणाची ५,०००, कुणाची ८,०००. पेट्रोल त्यातच.

८.१५
दुकानात अगरबत्तीचा वास, बाकावर दोन शेतकरी पट्टीसाठी बसलेले. दहाला सौदे सुरू होतील. सर खुर्चीत बसतात, बॅगेतून पेन ड्राइव्ह काढतात आणि अख्खा डेटा फोल्डर आहे तसा कॉपी करून घेतात. बिघडलेला. शेठना ते पटत नाही. "अहो, खराब फाइल कशाला ठेवताय?" सर म्हणतात, "दुरुस्त करताना आणखी बिघडली तर परत इथवर यायला."

आता खरं काम. डीबीएफ फाइलच्या तोंडाशी एक हेडर असतो. त्यात एकूण नोंदी किती, एक नोंद किती बाइटची, हे लिहिलेलं असतं. नोंद फाइलमध्ये गेली आणि हेडरमधला आकडा बदलायच्या आत लाइट गेली, की दोघांचा मेळ बसत नाही. फॉक्सप्रो ९ उघडतानाच हा मेळ तपासतो आणि दार लावून घेतो.

सर डायरी उघडतात आणि पेनने गणित मांडतात. फाइल ५७,८६,४९७ बाइटची. टेबलात २० रकाने. हेडरचे मूळ २९६ बाइट आणि दर रकान्याला ३२, म्हणजे ९३६. ते वजा. शेवटचा एक बाइट फाइल संपल्याची खूण, तोही वजा. राहिले ५७,८५,५६०. एक नोंद १२० बाइटची. भागाकार ४८,२१३. बाकी शून्य. हेडर म्हणतोय ४८,२१०.

"दिवाणजी, काल शेवटी किती वक्कल टाकली?" दिवाणजी तारेला टोचलेल्या कच्च्या चिठ्ठ्या काढतात. लाइट जायच्या आधीच्या तीन. जुळलं. मग सर स्वतःचा छोटा प्रोग्राम चालवतात. तो हेडरमधले फक्त चार बाइट बदलतो. टेबल उघडतं. तिन्ही नोंदी चिठ्ठीशी ताडून पाहतात. पोती, वजन, भाव.

अशा वेळी बहुतेकांची बोटं आधी रीइंडेक्सकडे जातात. तिथेच घात होतो. रीइंडेक्स हा जुन्या सीडीएक्स या इंडेक्स फाइलमधल्याच माहितीवर विसंबतो; तीच बिघडलेली असेल तर बिघाड तसाच पुढे चालतो. सर इंडेक्सचे सगळे टॅग काढून टाकतात आणि नव्याने बांधतात. कुठल्या टेबलाला कुठले टॅग, हे त्यांनी एका पीआरजी फाइलमध्ये लिहून ठेवलंय. डोक्यात ठेवलेलं नाही.

९.२० ला पहिली पट्टी निघते. हमाली, तोलाई वजा होऊन रक्कम खाली. चहा येतो. पैशांचा विषय निघत नाही, एएमसी आहे. निघताना सर यूपीएसकडे बोट दाखवतात. "शेठ, बॅटरी बदला. दोन महिने झाले सांगतोय." शेठ मान डोलावतात.

११.१०
तासगाव रस्त्यावरची पतसंस्था. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून नवीन मशीन आलंय. विकणाऱ्या दुकानातल्या पोराने सॉफ्टवेअर उचलून प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवलं. तिथे लिहायची मुभा नसते, म्हणून विंडोज लिहिलेलं गुपचूप दुसऱ्याच फोल्डरात वळवतो. कॅशियरला स्वतःच्या नोंदी दिसतात, मॅनेजरना दिसत नाहीत. सर सगळं उचलून सी ड्राइव्हवर साध्या फोल्डरात ठेवतात, वळवलेल्या नोंदी शोधून आणतात, आणि त्या फोल्डरापुरतं अँटिव्हायरसला लांब राहायला सांगतात.

मग प्रिंटर. डॉट मॅट्रिक्स नवा आहे, पण खात्यांच्या लेजरचा रिपोर्ट जुन्याच प्रिंटरचं नाव घेऊन अडतोय. मॅनेजर म्हणतात, "रिपोर्ट परत बनवायला लागणार काय हो?" नाही. फॉक्सप्रोत रिपोर्टसुद्धा एक टेबलच असतं. सर एफआरएक्स फाइल टेबलासारखी उघडतात. पहिल्या ओळीत टॅग आणि टॅग२ हे दोन रकाने रिकामे करतात. एक्सपीआर रकान्यातून डिव्हाइस, ड्रायव्हर, आउटपुट या ओळी काढतात, कागद उभा की आडवा ती ओळ ठेवतात. प्रिंटर करकरत चालू होतो. रिबन फिकी आहे. बॅगेतली नवीन घालतात. १८० रुपये, डायरीत नोंद.

काउंटरवरची मुलगी विचारते, "सर, सभासदाचं नाव व्हॉट्सॅपवरून पेस्ट केलं की नुसती प्रश्नचिन्हं येतात." येणारच. फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही. इथली मराठी नावं जुन्या फाँटच्या कोडमध्ये साठवलेली आहेत. नाव टाइपच करायचं.

दुपारी १.४५
डबा. भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, ठेव पावत्यांच्या गठ्ठ्यांशेजारी.

३.००
औषधांचा होलसेलर. इथे काम कमी, कारण आधी नीट केलेलं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बरीच औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली. सरांनी दर कोडमध्ये लिहिलेला नाही. दराचं वेगळं टेबल आहे आणि त्यात 'कधीपासून' हा रकाना आहे. त्या रात्री नव्या ओळी भरल्या आणि काम झालं. जुन्या बिलावरचा माल परत आला, तर क्रेडिट नोट त्या तारखेचाच दर उचलते.

शेजारच्या दुकानदाराकडे दुसऱ्याचं सॉफ्टवेअर आहे. करणारा गाव सोडून गेला, सोर्स कुणाकडेच नाही, दर कोडमध्ये गाडलेले. एक्झी फोडून सोर्स काढणारी हत्यारं मिळतात. पण सर आधी विचारतात, सॉफ्टवेअर तुमच्या मालकीचं आहे असं कागदावर कुठे आहे का? कागद नाही. सर हात लावत नाहीत. २,००० रुपये मिळाले असते.

संध्याकाळी ६.४०
घर. पतसंस्थेच्या व्याजाच्या फॉर्ममध्ये एक बदल हवाय. फॉर्मही टेबलातच साठतो, त्यामुळे काल काय होतं नि आज काय बदललं हे डोळ्यांना दिसत नाही. पुण्यातल्या पुतण्याने यावर तोडगा दिला. "काका, फॉक्सबिनटूपीआरजी वापरा, फॉर्मचा मजकूर होतो. मग तो गिटमध्ये टाका." काकांनी कुरकुर केली, पण शिकले. आता बदललेल्या चार ओळी समोरासमोर दिसतात. त्यातली एक म्हणजे टेबलअपडेटचं उत्तर तपासणं. आधी ते तपासलं जात नव्हतं. नोंद साठली नाही तरी पडदा 'सेव्ह झालं' म्हणायचा. ही चूक गावोगावच्या फॉक्सप्रो प्रोग्राममध्ये सापडते. तुमच्याकडेही असेल.

रात्री ९.१५
दिवसभरातले बॅकअप सर दुसऱ्या फोल्डरात उतरवतात, टेबलं उघडतात, नोंदी मोजतात. न उघडलेल्या बॅकअपला ते बॅकअप मानत नाहीत. मशीनला कायम टोचून ठेवलेल्या पेन ड्राइव्हलाही नाही. फायलींचे आकारही बघतात. टेबल दोन जीबीच्या पुढे जात नाही. दीडच्या वर गेलं की जुनी वर्षं वेगळी काढायची.

मग डायरी. पेट्रोल २२०. रिबन १८०, येणे. पतसंस्थेच्या नव्या मशीनचे १,५००, येणे. चेकवर दोन सह्या लागतात आणि चेअरमन सोमवारी येणार आहेत.