पुढे पाठवण्यापूर्वी पाठीवर सही

धनादेश दुसऱ्याच्या नावे करून देताना त्याच्या पाठीवर सही करावी लागते. बँकेच्या भाषेत तिला ‘पृष्ठांकन’ म्हणतात. धनादेश वटला नाही, तर अशी सही करणाराही सामान्यतः उत्तरदायी ठरतो. १८८१ च्या कायद्यातील हे तत्त्व व्यापारी घराण्यांना नवे नाही; हुंडीच्या काळापासून आपला व्यवहार पतीवरच चालत आला आहे.

मोबाईलवर मात्र आपण ही सही विसरलो आहोत. मलकापुरात दुकानाचे दार उघडण्यापूर्वीच सुविचार, गाणी आणि छायाचित्रे यांची रास जमलेली असते. पाठवणाऱ्याने गाणे ऐकलेले नसते, घेणारा ते उघडत नाही. हळूहळू वडीलधाऱ्यांचा संदेश न वाचताच पुसला जातो. ही पत गमावण्याचीच रीत होय. म्हणून मला आवडलेले तीन जिन्नस येथे सहीनिशी देत आहे.

पहिले गाणे. केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ हे कोल्हापूर दरबारचे गायक. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत सुवर्णमुलामा दिलेल्या तबकडीवर हीच भैरवी अवकाशात गेली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. इतक्या थोड्या वेळात एकही स्वर वाया कसा जाऊ नये, हे तिच्यात ऐकू येते. म्हणून ती देतो.

दुसरी छायाचित्रे. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचा जन्म मेरठजवळील सरधना येथे जैन कुटुंबात झाला. इंदूरच्या बांधकाम खात्यातील नोकरी करता करता ते छायाचित्रण शिकले आणि पुढे निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन आहेत. आज क्षणात दहा छायाचित्रे टिपणाऱ्या मुलांनी, एका काचेमागे किती तयारी असे, हे पाहावे.

तिसरा ग्रंथ. सदलगा येथे १९०६ मध्ये जन्मलेले डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राकृत शिकवीत. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’ची त्यांनी संपादिलेली आवृत्ती १९३५ मध्ये निघाली. तिची इंग्रजी प्रस्तावना म्हणजे स्वतंत्र ग्रंथच आहे. श्रद्धेच्या ग्रंथाचीही किती काटेकोर तपासणी करता येते, याचा तो वस्तुपाठ आहे.

या प्रत्येक जिन्नसामागे तीन गोष्टी सांगितल्या : कर्ता कोण, काळ व ठिकाण कोणते आणि मला तो का भावला. या तीन ओळी लिहिता येत नसतील, तर ती वस्तू पुढे पाठवू नये. घरच्या गटावर आठवड्याला एकच गोष्ट पाठवावी, पण ती स्वतः पाहून, ऐकून वा वाचून. पोथीचे किंवा इतिहासाचे म्हणून आलेले वचन मूळ ग्रंथात आहे का, हे आधी पाहावे. जुन्या ग्रंथांच्या कित्येक प्रती आता ‘इंटरनेट अर्काइव्ह’सारख्या संग्रहांत घरबसल्या उघडता येतात.

आणि खाते एकतर्फी नसावे. नातवाने पाठवलेले गाणे कानाला अनोळखी वाटले, तरी आजोबांनी ते शेवटपर्यंत ऐकावे आणि त्यातील काय आवडले, ते त्याला एका ओळीत कळवावे.